शस्त्रक्रियेनंतर घोड्याचं दुखणं: ओळखायचं कसं, आवरायचं कसं

पायाच्या मोठ्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. घोडी ठाणाच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. घाम नव्हता, पाय आपटणं नव्हतं, पोटाकडे वळून बघणं नव्हतं. वैरणीची जाळी सकाळी भरली तशीच लटकत होती. "शांत आहे, विश्रांती घेतेय," असं म्हणून मी पुढच्या ठाणाकडे वळले. तासाभराने डॉक्टर आले. आत न जाता ते पाच मिनिटं दारातून नुसते बघत राहिले, मग जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. मिनिटाला ५२. एरवी तिची ३४ असायची. वेदनाशामक सुरू होतं, पण पुरत नव्हतं, कारण तिचं वजन मी अंदाजाने सांगितलं होतं. डोस दुरुस्त झाल्यावर दोन-तीन तासांत ती दाराकडे वळली आणि जाळीतलं गवत ओढायला लागली. चार दिवस तिने उभ्या-उभ्या सोसलं आणि मी दिवसातून दहा वेळा तिच्यासमोरून जात होते. तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या घोड्याकडे बघायची माझी पद्धत बदलली. तीच इथे क्रमाने लिहिते आहे.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो त्याच्यावर आधी झडप पडते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. माणूस जवळ आला की तो कान टवकारतो, मान वर करतो आणि आपल्याला वाटतं, बरा आहे. दुखणं दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असं घोड्याच्या बाबतीत धरून चालू नका. या लपवलेल्या दुखण्याची किंमत मोठी असते. खाणं कमी होतं, आतडं मंदावतं, पाणी कमी पोटात जातं, घोडा आडवा होत नाही, सगळं वजन चांगल्या पायावर टाकतो. ऑपरेशन उत्तम झालेला घोडा पुढच्या दोन आठवड्यांत या गोष्टींनी हातचा जाऊ शकतो.

कोणतं औषध आणि किती, हे पशुवैद्यकच ठरवतील. पण ते दिवसातून एकदा येतात. चोवीस तास समोर तुम्ही असता.

ऑपरेशनच्या आधी: वही आणि टेप

आणीबाणीचं ऑपरेशन नसेल तर आधीचे तीन दिवस हाताशी असतात. त्या दिवसांत घोड्याचं रोजचं वागणं लिहून काढा. सकाळ-संध्याकाळ, विश्रांतीच्या वेळी, नाडी, श्वास आणि ताप. मोठ्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४०, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. पण हे आकडे सर्वसाधारण झाले. तुमच्या घोड्याची नाडी रोज ३० असेल तर त्याच्यासाठी ४२ हा आकडा बोलका आहे. ज्याची रोज ४० असते त्याच्यासाठी तोच आकडा काहीच सांगत नाही.

नाडी मोजायची जागा जबड्याच्या खालच्या हाडाच्या आतल्या कडेला सापडते, दोरीसारखी शीर बोटाखाली सरकते. आणखी एक जागा शिकून घ्या. घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना, खुराकडे जाणारी नाडी. निरोगी पायात ती लागतच नाही किंवा अगदी पुसट लागते. ती पुसटपणे कशी लागते हे बोटांना आधीच माहीत असेल, तरच पुढे ती ठणकायला लागल्यावर फरक कळेल.

लीद दिवसातून किती वेळा टाकतो (बहुतेक घोडे ८ ते १२ वेळा), बादलीतलं पाणी किती संपतं, वैरण संपवायला किती वेळ लागतो, कोणत्या कुशीवर आडवा होतो, हेही लिहा. शेवटी चेहऱ्याचे दोन-तीन फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, घोडा निवांत असताना. हे फोटो पुढे फार उपयोगी पडतात.

आता वजन. काटा नसेल तर कापडी टेप पुरे. पुढच्या पायाच्या कोपरामागून, अयाळ संपते तिथल्या उंचवट्यावरून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे वजन किलोत. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर उत्तर ४५० किलो येतं. नुसत्या नजरेने अंदाज करणारी अनुभवी माणसंही पन्नास-साठ किलोंनी चुकतात, आणि मी चुकले तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे.

डॉक्टरांशी बोलताना तीन प्रश्न विचाराच. कापण्याआधीच वेदनाशामक देणार ना? कारण कळ एकदा मेंदूत भिनली की तीच कळ आवरायला जास्त औषध लागतं. ती जागा सुन्न करणारं इंजेक्शनही देणार का? पूर्ण भूल दिली तरी ते दिल्याने जागं झाल्यानंतरचे पहिले तास सोपे जातात. आणि रात्री दुखणं वाढलंच तर मी काय द्यायचं, किती द्यायचं, आणि कधी काहीही न देता फोन करायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. रात्री दोन वाजता आठवणीवर विसंबू नये.

ठाण

भूल देऊन आणलेल्या घोड्याला घसरायला काहीही निमित्त पुरतं. आंथरूण खोल आणि कोरडं हवं, भिंतीपर्यंत पसरलेलं, कडांना चढवलेलं. पाण्याची बादली छातीच्या उंचीवर ठेवा, पायाचं ऑपरेशन असेल तर मान फार खाली किंवा फार वर न्यावी लागू नये. शेजारी ओळखीचा घोडा दिसेल अशी जागा द्या. एकट्या पडलेल्या घोड्याची घालमेल आणि दुखण्याची घालमेल बाहेरून सारखीच दिसते, आणि त्यामुळे नको ती औषधं वाढतात. वारा येऊ द्या, झोत नको. माश्यांचा बंदोबस्त आधी करा, कारण जखमेवर बसणारी माशी हाकलण्यासाठी तो दुखरा पाय शंभर वेळा आपटेल.

पहिले चोवीस तास

भूल उतरताना घोडा अडखळतो, डोकं खाली घालतो, ओठ लोंबतात. या वेळी तो शांत दिसतो तो औषधाने. झायलाझिन किंवा डेटोमिडिनसारखी गुंगीची औषधं वेदनाही कमी करतात, पण त्यांचा असर थोडाच वेळ असतो आणि तो उतरला की खरं दुखणं वर येतं. म्हणून गुंगी उतरण्याच्या सुमाराला पुढचा वेदनाशामक डोस अंगात पोचलेला हवा. घड्याळ लावा. "दुखायला लागलं की देऊ" हा हिशेब पहिल्या दिवशी चालत नाही.

या काळात दोन गोष्टी दुखण्यासारख्या दिसतात आणि वेगळ्याच असतात. टेबलावर बराच वेळ पडून राहिलेल्या भारी घोड्याचे स्नायू कधी कधी दबून खराब होतात. मांडी किंवा खांदा दगडासारखा कडक लागतो, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. दुसरी गोष्ट म्हणजे दबलेला मज्जातंतू. पाय दुखत नाही, पण उचलला जात नाही, खूर घासत जातो. या दोन्हींत जास्तीचं वेदनाशामक देत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

गळ्यात सलाईनची नळी ठेवली असेल तर दर खेपेला तिच्याभोवती बोटं फिरवा. गरम, जाड, दोरीसारखी शीर लागली तर नळी काढायची वेळ झाली आहे.

पहिल्या दिवशी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, नोंद करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दर चार तासांनी, पुढे दिवसातून तीन वेळा.

चेहरा वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. २०१४ साली 'हॉर्स ग्रिमेस स्केल' नावाची पद्धत प्रसिद्ध झाली, खच्चीकरण (अंड काढण्याचं ऑपरेशन) झालेल्या घोड्यांचे चेहरे अभ्यासून बनवलेली. तिच्यात सहा जागा बघायच्या असतात आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे असतात, एकूण १२. शिकायला अर्धा तास पुरतो.

आधी कान. दुखणाऱ्या घोड्याचे कान ताठर होऊन मागे वळतात आणि दोन कानांमधलं अंतर वाढतं. रागावलेल्या घोड्यासारखे ते मानेला चिकटत नाहीत, बाहेरच्या बाजूला पडल्यासारखे दिसतात. मग डोळा. पापण्या आवळल्याने तो अर्धवट मिटलेला दिसतो. डोळ्याच्या वरची जागा ताणली जाऊन तिथलं हाड उठून दिसतं, भुवई उचलल्यासारखा कोन तयार होतो. गालाचा चघळण्याचा स्नायू आवळलेला, त्याची कड नजरेत भरते. वरचा ओठ मागे ओढलेला, खालचा पुढे, त्यामुळे हनुवटी गोळा होऊन टोकदार दिसते. आणि नाकपुड्या ताणलेल्या, थोड्या फाकलेल्या, नाकाची बाजूची रेघ सपाट झालेली.

हे सगळं दारात उभं राहून बघायचं, घोड्याला हाक न मारता. आत गेलात, हात लावलात की तो चेहरा सावरतो. पाच मिनिटं दुरून बघणं मोतद्दाराला वेळ घालवणं वाटतं, मालकालाही. पण त्या घोडीजवळ डॉक्टरांनी तेवढंच केलं होतं. आधी काढलेला फोटो मोबाइलवर समोर धरा आणि ताडून बघा. सहापैकी तीन-चार जागा बदललेल्या असतील तर औषध पुरत नाही. गुंगीत असलेल्या घोड्याचे गुण मात्र घेऊ नका, पापण्या आणि ओठ औषधानेही लोंबतात.

चेहऱ्यासोबत बाकीचं शरीर. कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून उभा आहे का? मागचा एक पाय सैल सोडणं नेहमीचं, पण पुढचा पाय पुढे टाकून ठेवणं हे दुखण्याचं लक्षण. खरारा करताना जखमेपासून दूरच्या जागीही कातडी थरथरते का? हाताने दिलेला आवडीचा घास घेतो, पण जाळीकडे जात नाही, असं होतंय का? आणि आडवा होतो का? घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. सकाळी अंगाला, शेपटीला आंथरुणाचा कचरा चिकटलेला नसेल तर रात्रभर तो आडवा झाला नाही असं समजा. सलग बऱ्याच रात्री असं झालं तर डुलकीत त्याचे पुढचे गुडघे मोडतात आणि तो कोसळता कोसळता जागा होतो.

नाडी एकटीवर विसंबू नका. दुखणं असूनही ती साधारण राहू शकते. पण विश्रांतीतही ती ४८ च्या वर राहिली आणि तासाभरात उतरली नाही, तर फोन करा. ६० च्या वर गेली तर वाट बघू नका.

कोणतं औषध काय करतं

डोस ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या हातात दिलेली सिरिंज काय करते हे कळावं म्हणून लिहिते.

घरी द्यायला मिळतात ती बहुतेक सूज आणि दाह उतरवणारी वेदनाशामकं. फिनाइलब्युटाझोन, ज्याला पागेत सगळे 'ब्यूट' म्हणतात, हाडा-सांध्याच्या दुखण्यावर जुनं आणि भरवशाचं. पहिल्या दिवशी किलोमागे ४.४ मिलिग्रॅम दोन वेळा आणि मग २.२ मिलिग्रॅम दोन वेळा, असा साधारण पाठ असतो. त्याच्यात फायद्याचा डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर फार थोडं आहे. फ्लुनिक्सिन पोटाच्या आणि मऊ भागांच्या दुखण्यावर जास्त वापरतात, किलोमागे १.१ मिलिग्रॅम. मेलॉक्सिकॅम ०.६ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. फिरोकॉक्सिब ०.१ मिलिग्रॅम एकदा, पहिला डोस बहुधा तिप्पट. हे पोट आणि आतड्याला तुलनेने सौम्य समजलं जातं. ४५० किलोच्या घोड्याला फ्लुनिक्सिन ४९५ मिलिग्रॅम बसतं. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची बाटली असेल तर जवळजवळ १० मिलि. आता तेच वजन ३८० धरलं तर काय होईल, ते मोजून बघा.

या गटातली दोन औषधं एकत्र कधीही देऊ नका. 'ब्यूट चालू आहे, तरी दुखतंय, थोडं फ्लुनिक्सिन टोचू' ही पागेत सर्रास होणारी चूक आहे. आराम फारसा वाढत नाही, पण जठरात व्रण, मोठ्या आतड्याच्या एका भागाला सूज आणि मूत्रपिंडाला इजा यांचा धोका वाढतो. पाणी कमी पिणाऱ्या घोड्यात मूत्रपिंड आधी जातं, म्हणून बादली मोजणं हा औषधोपचाराचाच भाग आहे. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला बावीस-तेवीस लिटर तरी पाणी लागतं. जुलाब, पोटाखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज, खाता खाता थांबणं, तोंडात फोड, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. व्रण टाळायला सोबत ओमेप्राझोल देण्याची पद्धत आहे, पण ब्यूटबरोबर ते दिल्यावर खालच्या आतड्याच्या तक्रारी वाढल्याचंही आढळलं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही सुरू करू नका.

टोचण्याबद्दल दोन इशारे. फ्लुनिक्सिन मांसात टोचलं तर त्या जागी स्नायू सडवणारा जिवाणूंचा भयंकर संसर्ग होऊ शकतो. घोडे त्यात दगावतात. फिनाइलब्युटाझोन शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि मांस गळून पडतं. शिरेत टोचायला नीट शिकला नसाल तर तोंडावाटे द्यायची औषधंच मागून घ्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घोड्याला देऊ नका.

दवाखान्यात राहणाऱ्या घोड्याला याखेरीज बरंच मिळू शकतं. ब्युटॉर्फनॉल किंवा मॉर्फिन ही मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. जबर दुखण्यात त्यांची गरज पडते, पण मॉर्फिनने आतडं मंदावतं आणि काही घोडे येरझाऱ्या घालायला लागतात. लिडोकेन सलाईनमधून सावकाश सोडतात. अंगात थरथर किंवा झोकांड्या दिसल्या की पंप बंद करायचा, असर लवकर उतरतो. मागच्या पायांच्या तीव्र दुखण्यात शेपटीच्या बुडाशी पाठीच्या कण्यात नळी ठेवून मॉर्फिन देतात, त्याने घोडा गुंगीत न जाता पायावर उभा राहतो. वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र वापरली की प्रत्येकाचा डोस कमी ठेवता येतो. दवाखान्यातून घरी आणताना कोणतं औषध शेवटचं कधी दिलं, ते लेखी घ्या. तो कागद नसेल तर पहिली रात्र अंधारात जाते.

तोंडावाटे देताना

आधी तोंड रिकामं करा. गालात गवताचा बोळा असेल तर पेस्ट त्यातच अडकते आणि मागाहून थुंकली जाते. सिरिंजने थोडं पाणी मारून तोंड धुवा, मग दातांच्या मधल्या रिकाम्या जागेतून सिरिंज जिभेच्या मागच्या भागावर न्या, सोडा आणि हनुवटी क्षणभर वर धरा. ब्यूटची पूड चंदीत कालवली की वैरणीला चिकटून ती उशिरा अंगी लागते, शिवाय तोबऱ्याच्या तळाशी उरते. अर्धा डोस उरला की 'औषध लागू पडत नाही' असा गैरसमज होतो. तोबरा रिकामा झाला का, हे हात घालून बघा.

आणि औषध देताना रोज जबरदस्ती, रोज झोंबाझोंबी होत असेल तर दुखऱ्या घोड्याला तुमची चाहूलच नकोशी होते. मी पेस्टनंतर नेहमी मानेवर, अयाळीच्या बुडाशी, दोन मिनिटं खाजवते. तिसऱ्या दिवसापासून तो मान पुढे करतो.

औषधाशिवाय

सुजेवर पहिले दोन-तीन दिवस थंड शेक, एका वेळी १५ ते २० मिनिटं, जखम कोरडी राखून. बँडेज सैल झालं तर घासतं, आवळलं तर त्याचंच दुखणं सुरू होतं, म्हणून रोज वरच्या-खालच्या कडेला बोट घालून बघा. वैरण थोडी थोडी, पुष्कळ वेळा, चंदी अगदी कमी. ठाणात बंद असलेल्या घोड्याला धान्याची गरज नसते, त्रासच होतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर दिवसातून दोनदा हातात धरून दहा मिनिटं हिरव्यावर चरायला न्या. आतडं चालतं आणि डोळ्यांत जीव येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

ऑपरेशनप्रमाणे फरक

खच्चीकरणाला लोक किरकोळ समजतात आणि एका इंजेक्शनवर भागवतात. मला हे पटत नाही. सूज चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमाराला सर्वांत जास्त असते, मग वेदनाशामक पहिल्याच दिवशी का थांबवायचं? निदान तीन दिवस, गरज असेल तर पाच, असं डॉक्टरांशी ठरवा. जखम उघडी ठेवली असेल तर पहिला दिवस शांत आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चालवणं हाच तिच्यावरचा मोठा उपाय. दुखत असेल तर तो चालत नाही, चालला नाही तर पाणी आत साचतं आणि आणखी दुखतं. रक्ताचे थेंब मोजता येत असतील तर लक्ष ठेवा. मोजता येणार नाहीत इतके भरभर पडत असतील आणि पंधरा मिनिटांत थांबत नसतील तर बोलवा. जखमेतून आतड्यासारखं काही लोंबताना दिसलं तर घोड्याला हलवू नका, स्वच्छ ओल्या चादरीची झोळी करून ते खालून अलगद धरा आणि दुसऱ्याला फोन करायला लावा.

पोटशूळाच्या ऑपरेशननंतर जखमेच्या दुखण्यापेक्षा आतड्याची भीती जास्त. पहिले तीन दिवस ते बंद पडू शकतं. घोड्याला ओकता येत नाही, जठर भरत गेलं तर फाटतं. नाडी चढली, घोडा मलूल झाला, तर वेदनाशामक देऊन त्याला गप्प करणं ही सर्वांत घातक गोष्ट ठरते. आधी डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बघायला हवं.

हाडा-सांध्याच्या ऑपरेशननंतर ठाणात बंद असलेल्या, वेदनाशामक चालू असलेल्या घोड्याच्या आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) लीद साचू शकते. औषधामुळे पोटात कळ फारशी दिसत नाही, नुसती लीद कमी, लहान आणि कोरडी होते. म्हणून लीद मोजा. रोज दहा वेळा टाकणारा पाचवर आला तर तीच त्याची तक्रार.

पायाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढचा पाय मोडलेला एक घोडा प्लास्टरमध्ये होता. सोळाव्या दिवशी सकाळी त्याने प्लास्टरचा पाय नीट टेकून उभं राहायला सुरुवात केली. आम्ही सगळे हरखून गेलो, कुणीतरी पेढे आणायचं बोलूनही दाखवलं. संध्याकाळी माझा हात सहज चांगल्या पायाच्या खुरावर गेला. तो गरम होता आणि घोट्याच्या मागची नाडी बोटावर ठणठण आपटत होती. दोन आठवडे सगळं वजन पेलून त्या खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज आली होती. तो पाय आता इतका दुखत होता की मोडक्या पायावर उभं राहणं त्याला सोपं वाटत होतं. त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. तेव्हापासून एका पायाला इजा असेल तर दुसऱ्या पायाच्या खुराची ऊब आणि नाडी मी दिवसातून तीन वेळा लिहिते. त्या खुराला खालून मऊ आधार पहिल्याच दिवसापासून लावून घ्या. दुखऱ्या पायावर अचानक सुधारणा दिसली तर आधी चांगला पाय तपासा. शंका आली तर डॉक्टर येईपर्यंत तो पाय खुराच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात सलग ठेवा.

प्लास्टरमधला घोडा आज कालपेक्षा जास्त लंगडला, प्लास्टरला एकाच जागी ऊब लागली, वास आला, ओल दिसली किंवा माश्या एकाच ठिकाणी बसू लागल्या, तर आत जखम होते आहे. औषध वाढवू नका, प्लास्टर उघडायला लावा.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर समोरून पापण्यांचे केस बघा. दुखरा डोळा असेल तर ते खाली झुकतात, दुसऱ्या डोळ्याचे आडवे असतात. उजेड कमी ठेवा. ॲट्रोपिनचे थेंब चालू असतील तर आतडं मंदावतं, म्हणून इथेही लीद मोजा.

औषध कमी करताना

घोडा बरा दिसला म्हणून एका दिवसात सगळं बंद करू नका, आणि बरा दिसतोय तो औषधामुळे हेही विसरू नका. वेदनाशामक अंगात असताना त्याला मोकळं सोडलं तर तो टाके आणि हाड दोन्हींची परीक्षा घेईल. हालचालीची मर्यादा डॉक्टरांच्या तारखेप्रमाणे पाळा, त्याच्या उत्साहाप्रमाणे नको.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी डोस कमी करा, मग वेळा, मग बंद. प्रत्येक पायरीनंतर ४८ तास चेहऱ्याचे गुण, नाडी, लीद, वैरण पूर्वीसारखी राहिली तरच पुढची पायरी घ्या. गुण दोनाने वाढले तर मागच्या पायरीवर जा आणि का वाढले ते शोधा. आठवड्यानंतर नव्याने वाढलेलं दुखणं हे बहुधा जखमेचं काहीतरी बिघडल्याचं असतं. ताप, जखमेतून पाणी, दाबल्यावर मऊ लागणारी सूज यांचा शोध घ्या.

शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणारा घोडा असेल तर प्रत्येक औषधाचा शेवटचा दिवस तारखेसह नोंदवा, अंगातून औषध निघायला किती काळ जावा लागतो ते संबंधित नियमांत बघा. फिनाइलब्युटाझोन दिलेल्या घोड्याचं मांस माणसाच्या खाण्यात जाता कामा नये, घोडा दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर ही नोंद सोबत जाऊ द्या.

सुरुवातीला सांगितलेल्या घोडीची वही माझ्याकडे अजून आहे. औषध बंद केल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची शेवटची नोंद अशी आहे: "पहाटे साडेचार. उजव्या कुशीवर आडवी, मान टेकलेली. दारातून दहा मिनिटं बघितलं, उठवलं नाही. नाडी नंतर, ३४. जाळी रिकामी."